शे आणि छे

उत्तर दिशा कुठली, असं आजही मला कुणी अवचित विचारलं तर मी जरा घुटमळते. सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवलेली बाई आहे मी. भिंतीवरच्या नकाशात तापी कुठे, पूर्णा कुठे, डोळे मिटून काठी ठेवीन. पण पायाखालच्या जमिनीचं विचारलंत तर खात्री नाही. यात माझ्या ट्रेनिंग कॉलेजचा काही दोष नाही. दोष सुकलालनानांचा.

नाना उंबरखेडीचे. चोपड्याहून उत्तरेला निघालं की केळीचे मळे संपतात, मग कपाशी विरळ होत जाते, मग नुसती ज्वारी आणि मुरूम, आणि मग सातपुडा एकदम पुढ्यात उभा राहतो. त्याच्या पायाशी एक नाला. नाल्याच्या अलीकडे थोडी घरं, पलीकडे थोडी घरं. अलीकडची महाराष्ट्रात, पलीकडची मध्य प्रदेशात. नाला एवढाच रुंद, की अलीकडे कुणी मिरचीची फोडणी दिली तर पलीकडचा शिंकायचा.

साठचं दशक उताराला लागलं होतं. आमचे 'हे' जंगलखात्यात, त्यांची तिथे बदली झाली आणि पाठोपाठ मला तिथल्या एकशिक्षकी शाळेत नेमणूक मिळाली. मी धुळ्याच्या गल्लीत वाढलेली. सोबत काय नेलं होतं म्हणाल तर एक रंगीत छत्री, एक मनगटी घड्याळ आणि पृथ्वीचा गोल. भाकरी धड थापता येत नव्हती, पण पृथ्वी कशी फिरते ते सांगता येत होतं. त्या वयात तेवढ्यावर माणूस फार ताठ चालतं.

पहिल्याच आठवड्यात मी 'आपले गाव' हा धडा काढला.

"सांगा, आपल्या गावाच्या दक्षिणेला काय आहे?"

"उंबरखेडी!" सगळी पोरं एका सुरात.

"बरं. उत्तरेला?"

"उंबरखेडी!"

"अरे, मग आपण कुठे आहोत?"

"उंबरखेडीमा!"

मी छडी टेबलावर आपटली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाई, पोरे बराबर सांगी राह्यनात."

दारात एक उंच म्हातारा उभा होता. उंच म्हणजे एकेकाळी उंच. आता कमरेत असा वाकला होता, की कुणीतरी अर्धवट मिटून ठेवल्यासारखा दिसायचा. डोक्याला मळका रुमाल, कानात विडी. हे सुकलालनाना. पोलीसपाटील नव्हते, सरपंच नव्हते, पण गावाबद्दल काही विचारायचं तर त्यांनाच विचारायचं अशी रीत होती. त्यांना विचारल्यावर आधी होतं तेवढंही कळेनासं व्हायचं, ही त्यापुढची रीत.

मी त्यांना समजावलं, की नाल्यापलीकडचं गाव वेगळं आहे. वेगळं राज्य, वेगळी पाटी. अलीकडे पाटीवर 'उंबरखेडी' लिहिलंय, पलीकडे 'उमरखेडी'. नावंच दोन.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर्दी व्हयेल मानूस 'उमर' म्हने तं काय ऐकू येस?"

मी मनात म्हणून पाहिलं. उंबर ऐकू आलं.

"मंग? तुमना सरकारले सर्दी व्हयनी व्हई," एवढं बोलून ते निघून गेले. त्या दिवशी मी घरी नाक चिमटीत धरून दोन्ही नावं म्हणत बसले होते. 'ह्यां'नी जंगलातून येऊन मला तशी पाहिली आणि काही न विचारता हातपाय धुवायला गेले.

तर नानांचं म्हणणं एवढंच होतं, की गाव एक आहे. अख्ख्या आयुष्यात त्यांनी हे एकच वाक्य निरनिराळ्या पद्धतीने सांगितलं. त्यांची बोलीसुद्धा त्याला पुरावा. आमच्या काठाला अहिराणी, म्हणजे 'आहे'ला 'शे'. पलीकडे निमाडी, तिथे 'छे'. नाना नाल्यात उतरताना 'शे'ने वाक्य सुरू करायचे आणि चढताना ते 'छे'वर संपायचं. त्यांना ते कळायचंही नाही. पलीकडे त्यांच्याच वयाचे ओंकारदाजी होते, नानांचे लंगोटीयार. या दोघांची एक गंमत होती. विड्या असायच्या नानांकडे आणि काडेपेटी असायची दाजींकडे. दोघांपैकी एकानेही दुसरी वस्तू कधी विकत घेतली नाही. विडी ओढायची तर एकाने नाला ओलांडायलाच हवा. दाजींनी तिकडून खोकून खूण केली, की नाना इकडून विडी कानात खोचून निघालेच.

गावाचा इतिहास मी त्यांच्याकडून पुष्कळ वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी निराळा ऐकला. एकदा म्हणाले, पलीकडच्या संस्थानातून पळालेल्या एका शिपायाने गाव वसवलं. पुढच्या वेळी तो शिपाई गेला आणि त्या जागी माठ विकणारी एक विधवा बाई आली. मग एकदा चक्क लग्नाचं वऱ्हाड वाट चुकलं आणि इथेच राहिलं. मी चिडले. म्हटलं, "नाना, नक्की कोणी वसवलं?"

"बाई, गाव काय एकच डाव वसस का? पूर येस, पटकी येस, दुस्काय येस. गाव उठस, परत वसस. तू कोनता डावनं इचारस, ते सांग."

पण एक गोष्ट सगळ्या हकिकतींत सारखी असायची. शिपाई असो की विधवा, ज्याने कुणी वसवलं त्याने आधी विहीर खणली. विहीर नाल्याच्या पलीकडच्या काठावर, कारण पाणी तिथे लागलं. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतली, की या शिवेच्या आत जन्मेल ते सगळं भावंड. म्हणून उंबरखेडीत गावातली लेक गावात देत नसत. कुळं वेगळी असोत, आडनावं वेगळी असोत, गावचा मुलगा तो भाऊ. हा नेम नाल्याच्या दोन्ही काठांना लागू. याच नेमामुळे तर गाव एक, असं नानांचं गणित.

त्या वर्षांत एका राज्यातलं धान्य दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी होती. नानांचं घर अलीकडे आणि शेताचा एक तुकडा पलीकडे. स्वतःच्या शेतातली ज्वारी डोक्यावर घेऊन ते नाल्यात उतरले, तर नाक्यावरच्या शिपायाने अडवलं. हे परराज्यातलं धान्य, म्हणे. नानांनी पोतं खाली ठेवलं, पलीकडेच दाजींच्या ओसरीवर दळण मांडलं, चूल पेटवली आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावून घेतलं. ज्वारी संपेपर्यंत ते कुटुंब रोज दोन्ही वेळेला पलीकडे जाऊन जेवून येत होतं. शिपाई रोज बघायचा. नाना जाताना त्याला पोट थोपटून दाखवायचे, "पोटमा घालीसन लई जास, भाऊ. पोटवर बंदी शे का?" शिपायाने वर विचारलं असावं. वरून काही उत्तर आलं नाही.

आणि तो दगड. मोजणीवाल्यांनी पूर्वी कधीतरी हद्दीला, ऐन नाल्याच्या मधोमध, एक दगड रोवला होता, इंग्रजी आकडा कोरलेला. तो आकडा गावाला देवाच्या पावलासारखा वाटला. मी गेले तेव्हा दगडावर शेंदराची बोटभर पुटं चढली होती आणि त्याचं नाव शिवबाबा झालं होतं. दोन्ही काठांच्या बायका त्याला नवस करायच्या. मी वर्गात सांगितलं, की तो देव नाही, सर्वेचा दगड आहे. पोरांनी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाना आले आणि म्हणाले, "शिकेल बाई, तू. पन तो जर देव नही, तं त्यानाजवय इतला लोके इतला साल कसाले गयात?" खरं सांगू? त्या महिन्यात आमच्या घरी पाळण्याची काळजी चालली होती. मीही गुपचूप एक नारळ फोडून आले. भूगोल भूगोलाच्या जागी.

तरी मी हार मानणारी नव्हते. शाळेच्या मागच्या भिंतीवर मी गावाचा नकाशा काढायला घेतला. निळीने नाला, हळदीने वाट, चुन्याने घरं. आणि मधोमध गेरूने हद्दीची रेघ. किती कौतुक होतं मला त्या रेघेचं! पट्टी धरून मारली होती. नाल्याला वळणं होती, माझ्या रेघेला एकही नाही.

नाना बघायला आले. बराच वेळ वाकून बघत होते.

"मनं घर कोठे शे?"

"हे इथे."

"विहीर?"

"ही. रेघेच्या पलीकडे."

"म्हंजे रोज सकायले मी मध्य प्रदेशनं पानी पेस?"

"हो, नाना."

"आनि माले चव बी नही समजनी!" ते स्वतःशीच खूश होऊन हसले. रेघ त्यांनी हसण्यावारी नेली. मी मात्र तिला पुन्हा एक हात दिला.

नकाशा बघायला आणखी एक जण यायला लागलं. नानांची नात हिरा. आईबाप लहानपणीच गेलेले, नानांनीच वाढवलेली. उंच नाकाची, तोंडाने तिखट. शाळा सोडून तिला काळ झाला होता, तरी पाण्याला जाता-येता कमरेवर घागर घेऊन भिंतीपुढे थांबायची.

"बाई, हाई रेघ पक्की शे का?"

"पक्की म्हणजे? सरकारी आहे."

"म्हंजे तठलं गाव येगळं?"

"वेगळं गाव काय, वेगळं राज्य आहे, हिरा."

"पावसायामा पुसाई जावाव नही ना? जरा जाड करा ना बाई."

मी रेघ जाड केली. संध्याकाळी 'ह्यां'ना म्हटलं, "बघा, शाळा सुटलेल्या मुलीलासुद्धा भूगोलाची गोडी लागली." हे नुसते हसले. जंगलात फिरणाऱ्या माणसाला कोण कुठल्या पाणवठ्यावर कुणासाठी थांबतं ते कळत असतं. मला नव्हतं कळत. मला वाटत होतं, सगळा माझ्या शिकवण्याचा गुण.

गुण ओंकारदाजींच्या नातवाचा होता. गेंदालाल. विहिरीवर रहाट ओढून द्यायचा म्हणे.

तेव्हा हिरासाठी धरणगावकडचं एक स्थळ आलं होतं. घर चांगलं, माणसं चांगली, नाना होकाराच्या बेतात. हिराने जेवण सोडलं. मग एका सकाळी नानांना हाताला धरून तिने शाळेच्या भिंतीपुढे आणलं. मी वर्ग घेत होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं, म्हणून मी पोरांना पाढे घोकायला लावले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"नाना, माले तठेच दे. गेंदाले."

"गेंदा तुना भाऊ शे, वं."

"भाऊ कसा? तो त् रेघना तठला शे."

"तठे बी उंबरखेडीच शे."

"उंबरखेडी नही," हिरा म्हणाली. "उमरखेडी."

नानांनी आधी रेघेकडे पाहिलं आणि मग खिडकीत उभ्या असलेल्या माझ्याकडे. माझ्या मागे पोरं बे एके बे म्हणत होती.

मग ते जाऊन नाल्यात बसले, शिवबाबाच्या दगडाशी. पलीकडून दाजी खोकले, तरी उठले नाहीत. शेवटी दाजीच काडेपेटी घेऊन आले आणि शेजारी बसले. काय बोलले कुणास ठाऊक. पण नानांपुढचा पेच गावात सगळ्यांना दिसत होता. धरणगावला दिली तर पोर वर्षाकाठी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तेवढी दिसणार, आणि ती जेवेल की नाही याचाही भरवसा नाही. पलीकडे दिली तर रोज डोळ्यांपुढे. पण पलीकडे द्यायची म्हणजे ते गाव वेगळं, असं नानांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. ज्या गावासाठी अख्खी ज्वारी पोटातून आणली, ते गाव मोडायचं.

संध्याकाळी पारावर माणसं जमली, दोन्ही काठांची. नानांनी खाली बघत सांगितलं, की बाईंच्या नकाशात दोन गावं आहेत, सरकार म्हणतं दोन आहेत, तेव्हा दोन धरायला हरकत नसावी. सगळे गंगूअक्काकडे बघायला लागले. ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई. चालीरीतीत तिचा शब्द शेवटचा.

गंगूअक्काने तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "रेघ त् कोनी बी मारी. दोन गावे शेत, तं मंग बार का बरं नही व्हत?"

पारावर धुळ्याच्या गल्लीत वाढलेल्या माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं होतं. मला 'ह्यां'नी कानात समजावून सांगितलं. आमच्या खानदेशात आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बार खेळतात. शेजारशेजारच्या दोन गावांच्या बायका नदीच्या दोन काठांना उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात, ढेकळं मारतात. मनात काही न ठेवता, वर्षातून एकदा. बार होतो तो दोन गावांत. स्वतःच्या गावाला कोण शिव्या देतं? उंबरखेडीत बार कधी झाला नव्हता आणि कुणी नाव काढलं तर नानाच हटकायचे.

नाना उठले. "व्हई बार," म्हणाले. "हाई आखाजीले."

शाळेला सुट्टी लागली होती, पण मी कशाला हलते! आखाजीच्या दिवशी निंबाला झोके बांधले, गौराईची गाणी झाली, घरोघर पितरांची घागर भरली. नानांनी नेहमीप्रमाणे पलीकडच्या विहिरीचं पाणी घागरीत भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर दोन्ही काठांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. नाला कोरडा ठणठणीत. पुरुषांनी बाराला थांबायचं नसतं, म्हणून नाना आणि दाजी आपापल्या काठावर झाडामागे. दोघांचे रुमाल दिसत होते.

आणि काहीच होईना. त्या बायका जन्मभर एका विहिरीवर पाणी भरलेल्या. या काठाने त्या काठाकडे बघितलं, त्या काठाने या काठाकडे. पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मग इकडून कुणीतरी धीर करून ओरडलं, "ए सुमन, तुनी म्हैस..."

सगळ्यांनी श्वास रोखला.

"...तुनी म्हैस व्यायनी का?"

"व्यायनी! पारडी छे!"

"बरं व्हयनं माय!"

गंगूअक्काने कपाळावर हात मारला. "हाऊ बार शे का हळदीकुंकू?"

मी पुढे सरसावले. मला वाटलं, शिकलेल्या बाईने वाट दाखवावी. मी छत्री उगारून ओरडले, "तुम्ही... तुम्ही अत्यंत असंस्कृत आहात!" दोन्ही काठ माझ्याकडे बघत राहिले. पलीकडून सुमनने विचारलं, "बाई काई बोलस? तब्येत ठीक छे ना?"

आणि मग नाना झाडामागून बाहेर आले. गंगूअक्का 'बाप्यास्नी नही!' म्हणून ओरडली, पण ते थांबले नाहीत. नाल्याच्या कडेला येऊन उभे राहिले. कमरेत वाकलेला तो माणूस जमेल तेवढा सरळ झाला. पलीकडे दाजीही झाडामागून पुढे आले होते, काय चाललंय ते बघायला.

नानांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ए ओंकाऱ्या!" आवाज फाटला होता. "परदेशी!"

आईबहिणीवरून शिवी दिली असती तर दाजी हसले असते. ही शिवी त्या नाल्यात कधी कुणी दिली नव्हती. दाजींचा चेहरा मला अलीकडून नीट दिसला नाही. मग तिकडून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट, "तू परदेशी! थारो बाप परदेशी!"

त्यानंतर जो बार झाला, त्यातले शब्द मी लिहीत नाही, नातवंडं वाचतील. कुणाच्या सासूची मिशी निघाली, कुणाच्या नवऱ्याचं घोरणं निघालं. एकमेकींचं सगळं माहीत असल्यामुळे शिव्या फार नेमक्या लागत होत्या. ढेकळं, शेणाचे गोळे, चिंचेचे आकडे. सगळ्यांत तिखट तोंड हिराचं आणि नेमही तिचाच. तिने फेकलेला शेणाचा गोळा सुटला तो थेट दाजींच्या रुमालावर बसला. होणाऱ्या आजेसासऱ्याचा रुमाल! दाजींनी तो झटकत मान डोलावली, की पोर घरात घ्यायला चांगली आहे.

दोन गावं झाली.

लग्नही रीतसर दोन गावांसारखं झालं. वऱ्हाड सरळ नाल्यातून आलं असतं तर तांबूल तोंडात असतानाच पोचलं असतं; म्हणून दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं, की गाड्या जंगलातल्या वाटेने लांबून वळसा घालून याव्यात. तसे ते वळसा घालून दमून आले. मुलीची पाठवणीही तशीच लांबून झाली. हिरा गाडीत बसून हुंदके देत निघाली, आणि निम्मी वरात तिच्या आधी नाल्यातून चालत जाऊन दाजींच्या दारात तिची वाट बघत उभी.

मी खूश होते. रेघेनं एक लग्न जमवलं होतं. पुढचं मला कळायला वेळ लागला.

एक तर नानांच्या खिशात काडेपेटी दिसायला लागली. स्वतःची, विकत घेतलेली. मी विचारलं, तर म्हणाले, "आते व्याही शे तो. व्याहीकडे घडी घडी जावं, ते बरं दिसस का?" दाजी अजूनही तिकडून खोकायचे. नाना इकडे आपल्या ओसरीवर बसून आपल्याच काडीने विडी पेटवायचे. विडी बऱ्याचदा विझायची.

आणि नाना पाणी प्यायला नाल्यात जायला लागले. उन्हाळ्यात वाळू उकरून झिरा करतात तसा त्यांनी एक केला होता, अलीकडच्या काठाच्या अंगाला. वाटीवाटीने गढूळ पाणी निघायचं. मी बघितलं आणि म्हटलं, "नाना, विहीर असताना हे कशाला पिता?"

त्यांना माझ्या अज्ञानाचं आश्चर्य वाटलं. "आंडेरना गावनं पानी कोनी पेस का?"

लेकीच्या गावचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा जुना नेम. लेक दिली की त्या गावाच्या पाण्याला शिवायचं नाही. मला तो ठाऊक होता, पण डोक्यात त्याची आणि विहिरीची गाठ पडली नव्हती.

"पण नाना, विहीर तर तुमच्याच पूर्वजांची! गाव एकच आहे, तुम्हीच सांगत होता ना?" मी अगदी कळवळून म्हटलं. म्हणजे बघा, वर्षभर मी त्यांना गावं दोन आहेत म्हणून पटवत होते, आणि आता वाळूत उकिडवी बसून गाव एक आहे म्हणून भांडत होते.

नाना वाटीतली वाळू खाली बसायची वाट बघत होते. "रेघ तूच मारी ना, बाई?" ते म्हणाले. राग नव्हता त्यात. खरंच विचारत होते, की कोणी मारली होती ती. त्यांनाही बहुधा आठवेनासं झालं होतं.

बाकीचं गाव नेहमीसारखं त्याच विहिरीवर पाणी भरत होतं. लेक एकट्या नानांनीच दिली होती. दोन गावं झाली ती, नीट बघायला गेलं तर, एका माणसापुरतीच.

पुढच्या आखाजीनंतर आमची बदली झाली. सामान बैलगाडीत चढवलं. छत्री होती, घड्याळ बंद पडलं होतं, पृथ्वीचा गोल पोरांना देऊन टाकला होता, आणि मांडीवर मुलगी होती. शिवबाबाची की माझी, हा वाद 'ह्यां'नी डोळे मिटेपर्यंत घातला. गाडी नाल्याच्या काठाकाठाने निघाली. भर दुपार, वाळू नुसती तापलेली.

नाना आपल्या काठाने नाल्यात उतरत होते, डोक्याचा रुमाल डोळ्यांवर ओढून. पलीकडून हिरा उतरत होती, कमरेवर घागर, विहिरीवरून थेट आलेली. घागरीच्या बाजूने पाणी निथळत होतं. दोघं शिवबाबाच्या दगडाशी थांबले. ना अलीकडे, ना पलीकडे. नाना दगडापाशी वाकले, तसे ते वाकलेलेच असत, आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. हिराने घागर कलती केली.

ते पाणी कुठल्या गावचं धरायचं, हे त्या दोघांनी कसं ठरवलं होतं, ते मला ठाऊक नाही. मी गाडीवानाला हळू घ्यायला सांगितलं.

"नाना, पानी थंड छे ना?" हिरा म्हणाली.

नानांनी ओंजळीतून तोंड वर केलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"शे, म्हन."

"छे!" हिरा हसली.

"शे म्हन, वं. शे."

"छे, नाना!"

नानांनी तिच्याकडे बघितलं, मग घागरीकडे बघितलं, आणि रिकामी ओंजळ पुन्हा पुढे केली.